नाव मालकाचं, गळा पगारी: ‘द ड्रिफ्टर्स’ या गायकांच्या ग्रुपचं प्रकरण

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं बदलायची पद्धत आहे. इथे ती पाळून काही साधणार नाही. या प्रकरणातली माणसं रेकॉर्डच्या लेबलवर, गाण्यांच्या चार्टवर आणि कोर्टाच्या निकालपत्रात नावानिशी सापडतात. शिवाय वाद नावाचाच आहे. म्हणून नावं आहेत तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो या शहरांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये चार-पाच पोरं जमवून गाण्याची लाट आली होती. वाद्यं घ्यायला पैसे नसत, त्यामुळे वाद्यांचं कामही गळ्यावरच. एक जण लीड, म्हणजे मुख्य गायक, वर टेनर, मधे बॅरिटोन आणि खाली बेस. हा बेस गायक ‘डूम-डूम’ करत ताल आणि खालचा सूर दोन्ही सांभाळायचा. रियाझाची जागा म्हणजे जिन्याखालचा बोळ नाहीतर सबवेचं स्टेशन, कारण तिथे आवाज घुमतो. पुढे या गाण्याला ‘डू-वॉप’ म्हणायला लागले.

क्लाइड मॅकफॅटर त्याच काळातला. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरॅममध्ये १९३२ साली जन्मलेला, वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक, आवाज चर्चमध्ये तयार झालेला. उंच आणि पातळ आवाज, पण शब्दाशब्दावर थरथर अशी की ऐकणारा जागचा हलत नाही. हा मुलगा आधी ‘डॉमिनोज’ या ग्रुपमध्ये होता. त्या ग्रुपचा मालक बिली वॉर्ड. गायक सगळे पगारी. लोक मॅकफॅटरच्या आवाजासाठी यायचे, पण स्टेजवर त्याची ओळख कधीकधी चक्क ‘क्लाइड वॉर्ड’, म्हणजे मालकाचा भाऊ, अशी करून दिली जायची. पगारी गायक असणं म्हणजे काय, हे या माणसाने स्वतः भोगलेलं होतं. पुढच्या भागासाठी एवढं ध्यानात ठेवावं.

१९५३ मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्सचा अहमद एर्तेगन ‘बर्डलँड’ क्लबात डॉमिनोजना ऐकायला गेला, तर मॅकफॅटर स्टेजवर नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, ग्रुपमधून बाहेर पडला आहे. एर्तेगनने त्याला हार्लेममध्ये गाठलं आणि करारबद्ध केलं. नवा ग्रुप जमवायचं ठरलं, तोच ‘द ड्रिफ्टर्स’. पहिल्या जमवाजमवीतल्या गायकांचं ध्वनिमुद्रण मनासारखं झालं नाही, तेव्हा माणसं बदलली. गेरहार्ट आणि अँड्र्यू हे थ्रॅशर बंधू आले, बिल पिंकनी आला. ऑगस्ट १९५३ मध्ये मुद्रित झालेलं ‘मनी हनी’ रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांच्या, चार्टवर ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

या पहिल्या संचाची ताकद ऐकायची तर १९५४ चं ‘व्हाइट ख्रिसमस’ ऐकावं. गाणं घराघरांत माहीत असलेलं, बिंग क्रॉस्बीने गाजवलेलं. इथे सुरुवात पिंकनीच्या खर्जातल्या बेसने होते, अगदी सावकाश, जणू माणूस खुर्ची ओढून बसतो आहे. मग दुसऱ्या कडव्याला मॅकफॅटर वरून उडी घेतो, आवाज मोडतो, सावरतो, पुन्हा मोडतो. मागे बाकीचे ‘डू-वॉप’ करत राहतात. दोन गळ्यांमधलं हे अंतर हेच त्या गाण्याचं सगळं भांडवल आहे. यातला एक गळा बदलून बघा, गाणं उरत नाही. आणि गळे बदलणं हाच पुढे या ग्रुपचा धंदा झाला.

अडचण

ग्रुप व्यवसायाच्या दृष्टीने कंपनी म्हणून उभा केला होता. मालकी मॅकफॅटर आणि मॅनेजर जॉर्ज ट्रेडवेल यांच्याकडे होती. ट्रेडवेल मूळचा ट्रम्पेटवादक, गायिका सारा वॉनचा मॅनेजर आणि काही काळ नवरा. धंदा त्याला कळत होता. थ्रॅशर बंधू, पिंकनी आणि बाकीचे मात्र पहिल्या दिवसापासून पगारी. म्हणजे डॉमिनोजमध्ये ज्या व्यवस्थेला कंटाळून मॅकफॅटर बाहेर पडला, तीच त्याच्या स्वतःच्या ग्रुपात शिरली होती. फरक एवढाच की आता तो मालकांच्या बाजूला बसला होता.

१९५४ मध्ये मॅकफॅटरला लष्करात सक्तीची भरती लागली. नेमणूक अमेरिकेतच असल्यामुळे रजेवर येऊन तो मुद्रण करू शकत होता, पण दौरे बंद. दरम्यान एकट्याने गायचा विचारही पक्का होत होता. प्रश्न होता तो ग्रुपमधल्या आपल्या हिश्श्याचं काय करायचं.

पहिला निर्णय: हिस्सा विकणे

त्याच्यापुढे तीन वाटा होत्या असं मला वाटतं. पहिली, हिस्सा हातात ठेवायचा आणि बाहेर एकट्याने गायचं. त्यात ग्रुपच्या कटकटी अंगावर राहणार, पण नावात वाटाही राहणार. दुसरी, हिस्सा बरोबरच्या गायकांना विकायचा. त्यांच्याकडे रोख पैसा नव्हता, हे उघड आहे, पण दौऱ्यांच्या उत्पन्नातून हप्त्याने वळता करून घेता आला असता. तिसरी, ट्रेडवेलला विकून मोकळं व्हायचं.

त्याने तिसरी वाट धरली. सगळं नाव एका माणसाच्या हातात गेलं, आणि तो माणूस गाणारा नव्हता.

पुढे मॅकफॅटरला या व्यवहाराचा फार पश्चात्ताप झाला. आपण सोबत्यांना कायमचं पगारावर बांधून ठेवलं, ही बोच त्याच्या मनात राहिली. एकट्याने त्याने ‘ट्रेझर ऑफ लव्ह’, ‘अ लव्हर्स क्वेश्चन’ अशी गाणी गाजवली, पण उतारही लवकर आला. दारूने शरीर पोखरलं. १९७२ मध्ये तो गेला तेव्हा चाळिशीही ओलांडली नव्हती.

ड्रिफ्टर्सची गोष्ट सांगणारे बहुतेक जण १९५८ च्या हकालपट्टीपाशी थांबतात, कारण ती नाट्यमय आहे. माझ्या मते प्रकरण १९५४ लाच निकालात निघालं होतं. पुढचं सगळं त्या एका सहीचं व्याज.

१९५८: सगळा संच एका दिवसात बाद

मधली चार वर्षं थोडक्यात. जॉनी मूर नावाचा चांगला लीड गायक १९५५ मध्ये मिळाला, १९५७ मध्ये त्यालाही लष्कराने नेलं. १९५६ मध्ये पिंकनीने पगारवाढ मागितली, त्याला काढून टाकलं. निषेध म्हणून अँड्र्यू थ्रॅशरही बाहेर पडला. माणसं येत होती, जात होती, गाणी मात्र पूर्वीसारखी चढत नव्हती.

मे १९५८ मध्ये हार्लेममधल्या अपोलो थिएटरात कार्यक्रम होता. तिथे ग्रुपमधल्या एकाचं थिएटरच्या मालकाशी भांडण झालं. ट्रेडवेलने सगळ्यांनाच घरी पाठवलं.

या क्षणी त्याच्यापुढे काय होतं ते नीट पाहिलं पाहिजे. भांडणाऱ्या एकाला काढून बाकीचे ठेवता आले असते. पगार वाढवून असंतोष शांत करता आला असता. ग्रुप गुंडाळताही आला असता, कारण त्या वर्षी ड्रिफ्टर्स काही फार मोठं नाव राहिलं नव्हतं. पण अपोलोशी पुढच्या कार्यक्रमांचा करार झालेला होता, आणि तो ‘ड्रिफ्टर्स’ या नावाने होता. कोण गाणार हे त्यात महत्त्वाचं नव्हतं. नाव जिवंत ठेवलं तर करारही जिवंत.

त्याच थिएटरात ‘क्राउन्स’ नावाचा एक धडपडणारा ग्रुप गात होता. त्यांचा मॅनेजर लव्हर पॅटरसन. त्यातला बेन नेल्सन हा वडिलांच्या हार्लेममधल्या उपाहारगृहात काम करणारा मुलगा, पुढे बेन ई. किंग म्हणून जगाला माहीत झाला. शिवाय चार्ली थॉमस, डॉक ग्रीन, एल्सबेरी हॉब्स. ट्रेडवेलने पॅटरसनशी बोलणी केली आणि क्राउन्स रातोरात ड्रिफ्टर्स झाले.

हा व्यवहार धंद्याच्या दृष्टीने चलाख होता, यात शंका नाही. फुकट मात्र नव्हता. पुढचे काही महिने ही पोरं जुन्या तारखा पुऱ्या करत गावोगाव फिरली. लोकांनी तिकीट काढलं होतं ते ओळखीच्या चेहऱ्यांसाठी, ओळखीच्या आवाजांसाठी. समोर अनोळखी चौघं उभे राहिले की हुर्यो उडायची. शिव्या खायच्या गायकांनी, तारखेचे पैसे मात्र नावाच्या मालकाला.

६ मार्च १९५९ चं मुद्रण

नव्या संचाचं पहिलं मुद्रण जेरी लीबर आणि माइक स्टोलर या गीतकार-निर्मात्यांच्या जोडीकडे दिलं. गाणं ‘देअर गोज माय बेबी’, नेल्सनच्या हातचं. श्रेयात पॅटरसन आणि ट्रेडवेल यांचीही नावं आहेत. मॅनेजरचं नाव गीतकारांत घालणं हा त्या काळातला सर्रास प्रकार होता.

गाणार होता चार्ली थॉमस. स्टुडिओत त्याचा आवाज फुटेना, धीरच सुटला. मग ज्याने लिहिलं त्यालाच माइकपुढे उभं केलं. बेन ई. किंग लीड गायक झाला तो असा, कोणी ठरवून नव्हे.

स्टोलरला एक सुरावट सुचली होती, ती स्टॅन अ‍ॅपलबॉमने व्हायोलिनसाठी लिहून काढली. कृष्णवर्णीय गायकांच्या ग्रुपमागे व्हायोलिनचा ताफा, हे तेव्हा कानाला अगदीच नवं होतं. खाली ब्राझीलच्या ‘बायाओ’ची चाल धरलेली. त्यात टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, गाण्याच्या सुराशी जुळत नव्हते आणि तसेच वाजत राहिले. आज ऐकतानाही ते लक्षात येतं: किंग एका बाजूला विलाप करतो आहे, व्हायोलिनं दुसरीकडे, नगारा तिसरीकडे. अटलांटिकच्या जेरी वेक्सलरला ते अजिबात रुचलं नाही. रेडिओवर दोन स्टेशनं एकदम लागावीत तसं वाटतं, असं त्याचं मत. रेकॉर्ड काही काळ पडूनही राहिली.

बाजारात आल्यावर ती रिदम अँड ब्लूजच्या चार्टवर पहिली आणि पॉप चार्टवर दुसरी झाली. १९६० मध्ये ‘सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी’ने पॉप चार्टवरही पहिला क्रमांक गाठला.

यश नेमकं कशाचं, हा प्रश्न इथे विचारायला हवा. ट्रेडवेलच्या बाजूने बोलणारे म्हणतात, संच बदलण्याचा निर्णय बरोबर ठरला. मला ते पटत नाही. यश आलं ते लीबर-स्टोलरच्या कानामुळे, डॉक पोमस-मॉर्ट शुमन यांच्यासारख्या गीतकारांमुळे, आणि माइकपुढे अपघाताने उभ्या राहिलेल्या एका गळ्यामुळे. नावाने एक काम नक्की केलं: अटलांटिकच्या स्टुडिओचं दार उघडं ठेवलं. क्राउन्स म्हणून ही पोरं त्या दारात कधी पोचली असती की नाही, कोण जाणे. पण दार उघडणाऱ्याचा वाटा किती आणि आत जाऊन गाणाऱ्याचा किती, हा हिशेब ड्रिफ्टर्समध्ये कायम एकाच बाजूने लावला गेला.

१९६०: किंग बाहेर

पहिल्या क्रमांकाचं गाणं गाऊनही किंग पगारावरच होता. त्याने पगारवाढ आणि रॉयल्टीत योग्य वाटा मागितला. किंगने पुढे सांगितलेली आठवण अशी: तो सगळ्यांच्या वतीने बोलायला गेला, ट्रेडवेलने त्याला फक्त स्वतःपुरतं बोलायला सांगितलं. किंग उठून बाहेर आला, मागे बाकीचे येतील अशा समजुतीत. कोणी आलं नाही.

१९५६ ला पिंकनीबरोबर निदान एक जण तरी बाहेर पडला होता. १९६० ला एकही नाही. या दोन वर्षांमध्ये १९५८ येऊन गेलं होतं. चौघं एकदम बाहेर पडले तरी चौघं एकदम नवे येतात, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाने पाहिलेलं होतं. किंबहुना ते स्वतःच असे आलेले होते.

किंगने एक गोष्ट मात्र बरोबर केली. तो स्वतःच्या नावाने अटलांटिककडेच राहिला. ऑक्टोबर १९६० मधल्या एकाच मुद्रणात ‘स्पॅनिश हार्लेम’ आणि ‘स्टँड बाय मी’ ही दोन्ही गाणी झाली. ‘बेन ई. किंग’ हे नाव त्याच्याकडून कोणी विकत घेऊन दुसऱ्याला लावू शकत नव्हतं.

२१ मे १९६४

किंगच्या जागी आला रूडी लुइस. ‘अप ऑन द रूफ’ आणि ‘ऑन ब्रॉडवे’ त्याचीच. २० मे १९६४ च्या रात्री तो अचानक वारला. दुसऱ्या दिवशी ‘अंडर द बोर्डवॉक’चं मुद्रण ठरलेलं होतं. स्टुडिओ, वादक सगळे ठरलेले. मुद्रण रद्द झालं नाही. लष्करातून परतून पुन्हा ग्रुपमध्ये आलेल्या जॉनी मूरने लुइसचं गाणं गायलं. त्या उन्हाळ्यात ते पॉप चार्टवर चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. समुद्रकिनाऱ्यावरच्या लाकडी फळ्यांच्या पायवाटेखाली प्रेमिकांनी बसण्याचं ते आनंदी गाणं आहे. पण हे कळल्यानंतर मूरच्या आवाजातला जडपणा ऐकू आल्याशिवाय राहत नाही. तो खरोखर आहे की आपल्या मनाचा खेळ, हे प्रत्येकाने ऐकून ठरवावं.

पगारी व्यवस्थेची ताकद आणि क्रूरपणा दोन्ही या एका दिवसात दिसतात. दुसरा एखादा ग्रुप लीड गायक गेल्यावर तिथेच संपला असता.

परिणाम

जॉर्ज ट्रेडवेल १९६७ मध्ये वारला. कारभार पत्नी फे ट्रेडवेल हिच्याकडे आला. अमेरिकेत मागणी ओसरली होती. सत्तरच्या दशकात तिने ग्रुप ब्रिटनला हलवला आणि तिथे नव्या गाण्यांनी पुन्हा जम बसवला. १९७४ चं ‘किसिन’ इन द बॅक रो ऑफ द मूव्हीज’ ब्रिटिश चार्टवर दुसरं होतं. जॉनी मूर तिथेच रमला आणि १९९८ मध्ये लंडनलाच वारला.

इकडे अमेरिकेत जागा मोकळी झाली होती. पिंकनी ‘ओरिजिनल ड्रिफ्टर्स’ घेऊन फिरत होता. लॅरी मार्शक या प्रवर्तकाने चार्ली थॉमस, डॉक ग्रीन, हॉब्स यांना हाताशी धरून स्वतंत्र ड्रिफ्टर्स उभे केले आणि नावाची ट्रेडमार्क नोंदणीही करून घेतली. फे ट्रेडवेल कोर्टात गेली. मार्शकचं म्हणणं, ट्रेडवेल कंपनीने अमेरिकेत नाव सोडून दिलं होतं. २००१ मध्ये अपील कोर्टाने ते फेटाळलं. नोंदणी फसवणुकीने मिळवलेली ठरली. नाव सोडलेलं नाही, कारण जुन्या रेकॉर्ड्स विकल्या जात होत्या आणि रॉयल्टी येत होती, असा कोर्टाचा एक आधार होता.

यातली गंमत कडू आहे. नाव जिवंत राहिलं ते मॅकफॅटर, किंग, लुइस, मूर यांच्या आवाजांमुळे, आणि त्या आवाजांच्या जोरावर नावाचा हक्क शाबीत झाला ट्रेडवेल कंपनीचा. कायद्याच्या चौकटीत निकाल चूक म्हणता येत नाही. मार्शककडे तर त्याहून कमी हक्क होता.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांना कंपनीत हिस्सा द्यायला हवा होता, असं पटकन वाटतं. पण ‘प्लॅटर्स’ या समकालीन ग्रुपात गायकांच्या नावावर कंपनीचे शेअर होते, तरी नावावरून कित्येक दशकं खटले चाललेच. नुसता शेअर पुरत नाही. सोडून जाणाऱ्याचा हिस्सा कोणाला आणि कुठल्या अटीवर विकता येईल, हे आधी लिहिलेलं लागतं. १९५४ मध्ये मॅकफॅटरने ट्रेडवेललाच विकायचं ठरवलं तरी एक अट घालता आली असती: जे गायक मुद्रणात आहेत त्यांना त्या रेकॉर्डच्या उत्पन्नातला ठरावीक टक्का, ते ग्रुपात असोत वा नसोत. त्या वेळी ट्रेडवेलला मॅकफॅटरची सही हवी होती, म्हणजे घासाघीस करायला जागा होती. नंतर कुणालाच ती मिळाली नाही.

दुसरी गोष्ट रेकॉर्डच्या लेबलवरची. सुरुवातीला लेबलवर ‘क्लाइड मॅकफॅटर अँड द ड्रिफ्टर्स’ असं छापलं जायचं. ही पद्धत पुढच्या लीड गायकांसाठी चालू ठेवली असती तर लुइस आणि मूर यांची नावं लोकांच्या तोंडी बसली असती. मालकाने ती चालू का ठेवली नाही, हे सांगायला नको. अटलांटिकने तरी आग्रह धरायला हवा होता, कारण गायकाचं नाव वाढण्यात कंपनीचा तोटा नव्हता. किंगच्या बाबतीत पुढे तिचा फायदाच झाला.

ट्रेडवेलची बाजूही आहे. दोन लीड गायक लष्कराने नेले, एक मेला, एक भांडून गेला, तरी ग्रुप बंद पडला नाही. गायकांच्या हाती मालकी असती तर १९५५ मध्येच हे सगळं संपलं असतं, आणि ‘सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी’ दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेलं असतं, अशी शक्यता मी नाकारणार नाही. माझा आक्षेप माणसं बदलण्यावर नाही, मोबदल्याच्या रचनेवर आहे. माणसं बदलूनही रॉयल्टी वाटता येते.

एकविसाव्या शतकात अमेरिकेतल्या तीसहून अधिक राज्यांनी ‘ट्रूथ इन म्युझिक’ नावाचे कायदे केले. जुन्या ग्रुपच्या नावाने स्टेजवर येणाऱ्यांमध्ये मूळ मुद्रणातला निदान एक गायक असावा, हा त्यांचा गाभा. पाठपुरावा ‘शा ना ना’ या ग्रुपातल्या जॉन बाउमन याने जोरात केला. पण या कायद्यांत सहसा एक सूट असते: नावाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क ज्याच्याकडे आहे त्याला ही अट लागू नाही. म्हणजे १९५८ मध्ये हा कायदा असता आणि ट्रेडवेलने नाव नोंदवून ठेवलेलं असतं, तर अपोलोतून थेट स्टेजवर चढवलेले क्राउन्स त्यात बसले असते.